ऱ्होड आयलंडच्या गार पाण्यात फुलपाखरू मासा येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एक वडील आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी ऱ्होड आयलंडमधल्या जेम्सटाउनला, फोर्ट वेदरिलच्या खडकांमध्ये स्नॉर्केलिंग करत होते. पाणी १९ अंश सेल्सिअस, मुलीच्या अंगात जाड वेटसूट. दोन धोंड्यांच्या फटीत तिला नाण्याएवढा चपटा मासा दिसला: पांढरट-पिवळा, डोळ्यावरून उभी काळी पट्टी गेलेला. घरी येऊन पुस्तकं चाळली तर असा मासा कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवर सापडतो असं कळलं. आता वडिलांचे चार प्रश्न आहेत. कुणी घरच्या टाकीतला मासा समुद्रात सोडला का? या पाण्यात तो जगेल का? मुलगी त्याला वाचवायचं म्हणते आहे, तर पकडून आणावा का? आणि हे हवामानबदलाचं लक्षण मानायचं का?

या किनाऱ्यावर मी गेली २२ वर्षं डायव्हिंग करतो आहे आणि दर वर्षी जुलै ते नोव्हेंबर हेच मासे शोधत हिंडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाठवलेला फोटो छान आला आहे, त्यामुळे ओळखीबद्दल शंका नाही. हा स्पॉटफिन बटरफ्लायफिश, म्हणजे फुलपाखरू माशांपैकी एक. शास्त्रीय नाव कीटोडॉन ओसेलॅटस. पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेला काळा ठिपका दिसतो, ती त्याची खूण. शेपटीजवळ पांढऱ्या कड्यातला मोठा डोळ्यासारखा ठिपका असता, तर तो फोरआय म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ फुलपाखरू मासा असता. अंगावर डोळ्यावरच्या पट्टीखेरीज आणखी दोन रुंद उभे पट्टे असते, तर बँडेड. तिन्ही जाती आमच्याकडे येतात, पण स्पॉटफिन सगळ्यांत जास्त. मी पाहिलेल्या दर दहा फुलपाखरू माशांत आठ-नऊ तरी हेच असतात. तुमच्या लेकीने पाहिला तो या वर्षीच जन्मलेला आहे.

तो कुणी सोडलेला नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मला हे मासे एकेकटे नाहीत तर मोसमाच्या मोसम भेटत आले आहेत, सगळे साधारण एकाच आकाराचे, सगळे पिल्लं. टाकीतून सुटलेले असते तर लहान-मोठे, हिंदी-प्रशांत महासागरातले, रंगीबेरंगी असे काहीही दिसले असते. इथे दिसतात ते नेमके अटलांटिकच्या आमच्याच बाजूचे, दक्षिणेकडचे मासे, आणि पूर्ण वाढलेला मला आजवर एकही दिसलेला नाही. शिवाय ही गोष्ट टाक्यांची हौस घरोघर पोचण्याच्याही आधीची आहे. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुड्स होलला १८७१ मध्ये स्पेन्सर बेअर्ड यांनी अमेरिकेच्या मत्स्य आयोगाचं काम सुरू केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या निरीक्षकांनी स्थानिक माशांच्या ज्या याद्या केल्या, त्यांतही उन्हाळ्याच्या शेवटी येणारे उष्ण कटिबंधातले पाहुणे आहेतच.

मग तो आला कसा? या प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त वेळ घेणार आहे, कारण उरलेल्या तिन्ही उत्तरांची मुळं यातच आहेत.

फुलपाखरू माशांची जोडी संध्याकाळच्या सुमारास प्रवाळावरून थोडी वर येते आणि अंडी उघड्या पाण्यात सोडून देते. घरटं नाही, राखण नाही. अंडी तरंगतात, फुटतात, आणि त्यातून निघालेलं पिल्लू पालकांसारखं अजिबात दिसत नाही. ते चंदेरी असतं आणि त्याच्या डोक्यावर हाडाच्या पट्ट्यांचं शिरस्त्राण असतं. या अवस्थेला थॉलिक्थिस म्हणतात. पूर्वीच्या अभ्यासकांना हा निराळाच मासा वाटला होता, ते नाव त्यातूनच आलं. या चिलखती रूपात ते कित्येक आठवडे खोल समुद्रावरच्या उघड्या पाण्यात प्लवक खात राहतं. फ्लोरिडा किंवा बहामाच्या आसपास जन्मलेल्या अशा पिल्लांपैकी काही गल्फ स्ट्रीममध्ये सापडतात.

गल्फ स्ट्रीम म्हणजे समुद्रातली नदीच. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून निघून किनाऱ्याला घासत उत्तरेकडे येते आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरसपाशी किनारा सोडून ईशान्येला खोल समुद्रात वळते. मुख्य धारेचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तरी दिवसाला १३० किलोमीटर होतात. मायामीपासून हॅटरसपर्यंतचं अंतर नऊ-दहा दिवसांत सरतं. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या पिल्लाला पोहावं लागतच नाही. त्याने फक्त जिवंत राहायचं.

अवघड टप्पा हॅटरसच्या पुढे आहे. ऱ्होड आयलंडच्या दक्षिणेला खंडान्त-मंच, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला उथळ समुद्रतळ, शंभर किलोमीटरहून जास्त रुंद आहे, आणि गल्फ स्ट्रीम त्याच्याही पलीकडे, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरवरून जाते. मधे गार पाण्याचा पट्टा आहे. तो ओलांडायचा कसा?

त्याचं उत्तर भोवऱ्यांत आहे. हॅटरस सोडल्यावर धारेला नागमोडी वळणं पडतात. एखादं वळण उत्तरेकडे इतकं लांबतं की ते तुटून वेगळं होतं, आणि उबदार पाण्याचं एक प्रचंड चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत राहतं. शंभर-दोनशे किलोमीटर व्यासाचं, महिनोन्महिने टिकणारं. ही चक्रं हळूहळू पश्चिमेकडे सरकतात आणि मंचाच्या कडेला येऊन टेकतात. टेकली की त्यांच्या कडेने उबदार पाण्याच्या लांब जिभा मंचावर येतात. त्या पाण्यात सारगॅसमचं तरंगतं शेवाळ असतं, त्या शेवाळाखाली सार्जंट मेजर, फाइलफिश, ट्रिगरफिश या माशांची पिल्लं असतात, आणि मोकळ्या पाण्यात आपलं चंदेरी शिरस्त्राणवालं पिल्लूही असतं. उपग्रहांच्या मदतीने केलेल्या नकाशांवरून या चक्रांची मोजदाद झाली आहे: १९८० ते १९९९ या काळात वर्षाला सरासरी १८, आणि २००० ते २०१७ या काळात ३३. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शेवटचे काही मैल वारा ठरवतो. इथे एक गोष्ट मला फार उशिरा समजली. उन्हाळ्यात आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. दक्षिणेकडून येणारा वारा दक्षिणेचं पाणी आणेल, असं कुणालाही वाटेल, मलाही वाटायचं. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं. म्हणून नैर्ऋत्येचा वारा वरचं उबदार पाणी किनाऱ्यापासून दूर नेतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. याउलट पूर्वेचा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचं पाणी किनाऱ्याकडे सरकतं. हे समजल्यापासून मी ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेरून एखादं वादळ निघून गेलं की लगेचच्या आठवड्यात पाण्यात उतरतो. माझ्या वहीतल्या सगळ्यात भरलेल्या नोंदी त्या दिवसांच्या आहेत.

गल्फ स्ट्रीमच्या गोष्टीत ऱ्होड आयलंड एकदा आधीही येऊन गेलं आहे. १७६९ च्या सुमारास बॉस्टनच्या जकात मंडळाने लंडनच्या कोषागाराकडे तक्रार केली, की इंग्लंडहून न्यूयॉर्कला येणाऱ्या टपालनौकांना ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला येणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षा सुमारे दोन आठवडे जास्त लागतात. तेव्हा वसाहतींच्या टपालखात्याचे अधिकारी असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी नँटकेट बेटावरचे दर्यावर्दी टिमोथी फोल्जर यांना कारण विचारलं. फोल्जर म्हणाले, आमचे कप्तान तो प्रवाह ओळखतात आणि टाळतात, टपालवाले त्याच्या तोंडाशी झुंजत बसतात. त्यातून गल्फ स्ट्रीमचा नकाशा छापला गेला. पुढे १७७५ मध्ये इंग्लंडहून परतताना फ्रँकलिन रोज समुद्रात थर्मामीटर सोडून पाण्याचं तापमान लिहीत होते. प्रवाह कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे पाण्याच्या उबेवरून कळतं, हे त्यांनी ओळखलं होतं. मी नवीन डायव्हरांना ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आजही या विषयात सगळ्यात उपयोगी यंत्र तेच आहे.

इंग्रजीत या माशांना ‘गल्फ स्ट्रीमची अनाथ पिल्लं’ म्हणायची पद्धत आहे. शब्द गोड आहे, पण मला तो पटत नाही. फुलपाखरू माशाचं प्रत्येक पिल्लू जन्मतःच पालकांवाचून असतं, प्रवाळावर पोचलेलंसुद्धा. आणि हे ‘वाट चुकलेले’ आहेत, असंही म्हणवत नाही. याच प्रवाहावर ब्लूफिश हा इथला अगदी नेहमीचा मासा अवलंबून आहे: वसंतात हॅटरसच्या दक्षिणेला त्याची अंडी पडतात आणि पिल्लं याच वाहत्या पाण्यातून, याच उबदार जिभांवरून उत्तरेच्या खाड्यांत पोचतात. सारगासो समुद्रात जन्मणाऱ्या अमेरिकन ईलची पारदर्शक, पानासारखी पिल्लंही हाच रस्ता वापरतात. ईल आणि ब्लूफिश इथे येऊन वाढतात, परत जातात. फुलपाखरू माशाला परतीचा रस्ता नाही, एवढाच फरक. रस्ता तोच.

आता जगण्याबद्दल. १९ अंशांना तो मजेत असतो, हे तुमच्या फोटोतच दिसतं: पर ताठ उभे, रंग उजळ, पोट भरलेलं. ‘उष्ण कटिबंधातला मासा’ म्हटलं की आपण २७-२८ अंशांचं पाणी डोळ्यांसमोर आणतो, पण यातल्या बऱ्याच जाती अठरा-एकोणीसला नीट खातात, वाढतात. डाइमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दहा सेंटच्या, नाण्याएवढे ऑगस्टमध्ये दिसलेले ऑक्टोबरात दीडपट-दुप्पट झालेले असतात. इथे त्यांना खायला भरपूर आहे: हायड्रॉइड म्हणजे खडकांना चिकटून वाढणारे झुडपासारखे इवले प्राणी, बारीक किडे, लहान कवचधारी प्राणी. आणि त्यांच्या जागेवर हक्क सांगणारे मासे कमी आहेत.

पण न्यूपोर्टजवळचं पाणी ऑक्टोबरात सोळा-सतरा, नोव्हेंबरात बाराच्या आसपास आणि फेब्रुवारीत तीन-चार अंशांवर येतं. फुलपाखरू मासा साधारण १२ अंशांना खाणं थांबवतो आणि १० च्या आसपास मरतो. माशाचं शरीर पाण्याइतकंच गार होतं. गारठ्यात पेशींची आवरणं घट्ट होतात, शरीरातल्या रसायनक्रिया मंदावतात, कल्ल्यांना अंगातल्या क्षारांचा तोल सांभाळता येत नाही, मज्जातंतूंचा निरोप उशिरा पोचतो. हे मी पाण्याखाली पाहिलं आहे. आधी मासा फटीतून बाहेर यायचा थांबतो. मग टॉर्चचा प्रकाश पडला तरी वळत नाही. मग थोडा तिरका होऊन तरंगतो. त्या अवस्थेत तो फार काळ राहत नाही, कारण आसपास सी रॉबिन, स्ट्राइप्ड बास आणि वरून बुडी मारणारे पाणकावळे असतात. बहुतेक मासे थंडीने मरण्याआधी थंडीने मंद झाल्यामुळे खाल्ले जातात, असं माझं निरीक्षण आहे.

ते आपले आपण दक्षिणेला का जात नाहीत, असा प्रश्न मुलं हटकून विचारतात. तर खडकाला चिकटून राहणारा हा मासा आहे, लांब पल्ल्याचा पोहणारा नाही. मायामी इथून सरळ रेषेत १,९०० किलोमीटर आहे आणि प्रवाह उलटा. जॅक जातीची काही पिल्लं, क्रेव्हाली जॅक किंवा पर्मिट, उघड्या पाण्यात थव्याने फिरतात आणि त्यांपैकी काही गार पाण्यापुढे पळत दक्षिणेला जात असतील, हे मला शक्य वाटतं. फुलपाखरू माशाबद्दल तशी आशा मी कुणाला देत नाही. तुमच्या लेकीलाही खरं तेच सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला ते झेपतं.

म्हणून तिचा वाचवण्याचा प्रश्न मला अगदी स्वाभाविक वाटतो. मीही तेच केलं होतं. पहिल्या-दुसऱ्या मोसमात दोन स्पॉटफिन हातजाळीने पकडले, बादलीत घालून गाडीने घरी आणले आणि त्याच दिवशी घरच्या २६ अंशांच्या टाकीत सोडले. अठरावरून सव्वीसवर काही तासांत. एक दुसऱ्या दिवशी गेला. दुसरा तीन आठवडे जगला, पण त्याने मी दिलेलं काहीही खाल्लं नाही. फुलपाखरू मासे खाण्याच्या बाबतीत फार हटवादी असतात. जिवंत किडे-हायड्रॉइड टिपायची सवय असते, कोरड्या खाद्याकडे ढुंकून बघत नाहीत. समुद्रात तो आणखी पाच-सहा आठवडे नीट खात-पीत जगला असता. माझ्याकडे तो तीन आठवडे उपाशी राहिला. ती खंत अजून आहे.

तेव्हा माझं मत असं. खाऱ्या पाण्याची, महिनोन्महिने स्थिर झालेली टाकी आधीपासून असेल, त्याला हळूहळू, काही दिवस घेऊन गरम पाण्याची सवय लावता येत असेल, जिवंत खाद्य मिळत असेल, तर आणि तरच पकडायचा विचार करावा. त्याआधी राज्याच्या मत्स्यविभागाला परवानगीबद्दल विचारावं, कारण पकडण्याचे नियम राज्यागणिक आणि जागेगणिक वेगळे आहेत. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमचे डायव्हर ही पिल्लं वर्षानुवर्षं गोळा करत आले आहेत, आणि तिथे ती खरोखर वाढतात, कारण तिथे माणसं आणि सोयी दोन्ही आहेत. नवी टाकी घेऊन त्यात हा पहिला मासा ठेवायचा बेत असेल, तर करू नका. तो जिथे आहे तिथेच त्याला बघायला जा.

आणि एकदा टाकीत आलेला मासा पुन्हा समुद्रात कधीही सोडायचा नाही. पहिल्या प्रश्नात तुम्ही ज्याची शंका घेतली, ते एका माशाच्या बाबतीत खरोखर घडलं आहे. लायनफिश हा हिंदी-प्रशांत महासागरातला विषारी काट्यांचा मासा १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला. तो हौशी लोकांच्या टाक्यांतूनच आला. २००० साली तो नॉर्थ कॅरोलिनापर्यंत दिसू लागला आणि २००१ मध्ये त्याची पिल्लं न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडला मिळाली. ती लाँग आयलंडला कुणी सोडली नव्हती. दक्षिणेत स्थिरावलेल्या लायनफिशची ती पिल्लं तुमच्या फुलपाखरासारखीच प्रवाहाबरोबर आली होती. प्रयोगशाळेत लायनफिश सुमारे १६ अंशांना खाणं थांबवतो आणि १० अंशांना मरतो असं दिसलं आहे, म्हणून आमच्या किनाऱ्यावर तो हिवाळा काढत नाही. नॉर्थ कॅरोलिनात गल्फ स्ट्रीम तळाचं पाणी उबदार ठेवते, तिथे तो बारा महिने राहतो. कधी दिसला तर हात लावू नका. इवलासा असला तरी काटे विषारीच असतात.

हात न लावण्यावरून आणखी एक सांगतो. तीच उबदार जीभ आपल्याबरोबर पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर घेऊन येते. निळ्या-जांभळ्या फुग्यासारखा तरंगणारा प्राणी, खाली कित्येक मीटर लांब दंश करणाऱ्या सोंडा. किनाऱ्यावर तो वाळलेला दिसला तरी मुलीला उचलू देऊ नका. पण तो दिसला म्हणजे दक्षिणेचं पाणी आलं आहे, हे मात्र समजायचं. मी तो दिसला की पुढच्या आठवड्याचा डायव्ह पक्का करतो.

आता हवामानबदल. इथे मला जपून बोलायचं आहे, कारण मी दोन्ही बाजूंची घाई पाहिली आहे. एक फुलपाखरू मासा दिसला म्हणून समुद्र तापला असा निष्कर्ष निघत नाही. वर सांगितलं तसं, ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीही येत होते. एखाद्या वर्षी चक्र किनाऱ्याजवळ टेकलं, वारा अनुकूल पडला, की मासे जास्त. पुढच्या वर्षी जवळपास नाहीत. माझ्या वह्यांत लागोपाठच्या दोन वर्षांतला फरक कित्येक पटींचा आहे. ‘हे नेहमीच येत होते, काही बदललं नाही’ हेसुद्धा तितकंच चूक आहे. चक्रांची संख्या १८ वरून ३३ वर गेली, हे वर आलंच. २०१२ मध्ये वायव्य अटलांटिकमध्ये सागरी उष्णतेची मोठी लाट आली होती. केप कॉडच्या पलीकडचं मेनचं आखात २००४ ते २०१३ या दशकात जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा वेगाने तापलं.

खरा पुरावा पाहुण्यांत नसून घरच्यांत आहे. ऱ्होड आयलंड विद्यापीठाची सागरविज्ञान शाखा १९५९ पासून दर आठवड्याला नॅरगॅन्सेट उपसागरात त्याच दोन जागी जाळं ओढते आणि काय मिळालं ते लिहून ठेवते. साठ वर्षांहून जास्त, आठवड्यामागून आठवडा. या कामाबद्दल मला किती आदर आहे ते सांगता येणार नाही. त्या नोंदींत दिसतं, की पूर्वी तळाशी राहणारे थंड पाण्याचे मासे, लेपीसारखा चपटा विंटर फ्लाउंडर, हेक वगैरे, कमी होत गेले आणि उबदार पाण्यातले स्कप, माकूळ वाढत गेले. हे सगळे इथेच राहणारे किंवा दर वर्षी नेमाने येणारे जीव आहेत. त्यांच्यातला बदल एका वाऱ्याने होत नाही.

पाहुण्या माशांच्या बाबतीत मला पाहायचं असतं ते वेगळंच. ते किती आले यापेक्षा, शेवटचा कोणत्या तारखेला आणि किती अंशांना दिसला. मोसम किती लांबतो आहे ते त्यावरून कळतं. जपानच्या किनाऱ्यावर कुरोशिओ प्रवाह असंच करतो. तिथे इझू द्वीपकल्पापर्यंत प्रवाळातले मासे येतात आणि हिवाळ्यात मरतात. तिथले लोक त्यांना ‘शिमेत्सु काइयू’ म्हणायचे, मरणाकडे नेणारा प्रवास. अलीकडे ‘मोसमी पाहुणे’ अशा अर्थाचा शब्द पुढे आला आहे, कारण सगळेच मरतात असं आता म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळही सौम्य हिवाळ्यात काही जातींची पिल्लं तगलेली नोंदवली आहेत. आमच्याकडे पाणी तीन-चार अंशांपर्यंत उतरतं, सिडनीत तसं होत नाही. त्यामुळे ऱ्होड आयलंडला फुलपाखरू मासे बारमाही होतील, असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही. मोसम लांबेल, जाती वाढतील, एवढं मला दिसतं.

म्हणून तुम्हा दोघांना एक काम सुचवतो, आणि ते मनापासून सुचवतो. पाण्यात टिकणारी पाटी आणि पेन्सिल घ्या, मनगटावर तापमान दाखवणारं डायव्ह घड्याळ किंवा साधा दोरीला बांधलेला थर्मामीटर घ्या. मासा दिसला की तारीख, वेळ, भरती की ओहोटी, खोली, तळाचं तापमान आणि माशाची लांबी लिहा. लांबी डोळ्यांनी ठरवू नका; मास्कमधून सगळं मोठं दिसतं. पाटीच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा करून ती माशाच्या शेजारी, त्याला न हुसकावता, धरा आणि फोटो काढा. तो फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. मासा दिसला नाही तरी ‘अमुक वेळ शोधलं, दिसला नाही’ हे वहीत लिहायचंच. नंतर ‘नाही’च्या नोंदीच सगळ्यात जास्त लागतात आणि त्याच कुणी ठेवलेल्या नसतात. मीही पहिली सहा वर्षं ठेवल्या नव्हत्या.

शोधायचं कुठे? फोर्ट वेदरिलला लाटांपासून आडोसा असलेल्या बाजूला, एक ते सहा मीटर खोलीत, धोंड्यांच्या खालच्या अंगाला. लाँग आयलंडला कधी गेलात तर शिनेकॉकच्या खाडीत पाँक्वोग पुलाजवळ, जुन्या खांबांभोवती. तिथे मात्र प्रवाह इतका जोराचा असतो, की भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं त्या तासाभरातच उतरायचं आणि मुलीला अनुभवी माणसाशिवाय न्यायचं नाही. धक्क्यांचे खांब, बोटी बांधायचे दोर, शेवंडाचे पिंजरे, ईलग्रास या समुद्री गवताच्या कडा या सगळ्या जागा बघण्यासारख्या. दुपारी वाळूवर लुकडाउन दिसेल, कपाळ उभं, अंग चांदीच्या वर्खासारखं, समोरून पाहिलं तर एक रेघ. दोरांना टेकून फाइलफिश, खडकाखाली स्नोई ग्रुपर म्हणजे हेकरूच्या कुळातलं पांढऱ्या ठिपक्यांचं पिल्लू, लालभडक शॉर्ट बिगआय. कधीमधी पंखांसारखे निळे पर उघडणारा फ्लाइंग गर्नार्ड वाळूवरून चालताना दिसतो. तो मला २२ वर्षांत मोजून चार वेळा भेटला आहे, आणि चारही वेळा हवा संपेपर्यंत मी वर आलो नाही, म्हणजे राखीव हवेच्या खुणेपर्यंत.

तुमचा मासा ज्या फटीत दिसला तिथेच पुन्हा दिसण्याची शक्यता बरीच आहे. या वयात ते एका जागेला धरून राहतात. मी एकच मासा एकाच धोंड्याखाली सलग पाच आठवडे पाहिला आहे, पाठीच्या परातल्या एका तुटक्या काट्यावरून ओळखत होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, भरतीच्या वेळी, दक्षिणेची लाट नसेल असा दिवस बघून जा. तोवर पाणी सतराच्या आसपास उतरलेलं असेल. मुलीला हूड आणि हातमोजे लागतील. फटीकडे एकदम जाऊ नका, दोन मीटरवर थांबा, श्वास संथ ठेवा. तो आधी डोळ्यावरची पट्टी तुमच्याकडे करून बघेल, मग कुशीवर वळून पूर्ण अंग दाखवेल. तेव्हा फोटो काढा, आणि लांबी मोजायला विसरू नका.